पार्श्वभूमी : ज्वारीच्या गुणसूत्रांचा नकाशा आणि वऱ्हाडातला काळा दाणा

जुनी उंच गावरान ज्वारी दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नसे, म्हणजे तिचं कणीस बाहेर पडत नसे. दाणा भरेपर्यंत पाऊस सरलेला असे. १९६४मध्ये देशातला पहिला ज्वारी संकर, सीएसएच-१, आला. त्याची मादी बुटक्या, लवकर येणाऱ्या अमेरिकी वाणाची होती. उत्पन्न वाढलं, पण असे लवकर येणारे संकर पावसातच पक्व होऊ लागले आणि दाणा बुरशीने काळा पडला. कडबाही तोकडा झाला. वऱ्हाडात ज्वारी मागे सरली, त्यात या काळ्या दाण्याचा वाटा मोठा आहे.

निसवण्याची वेळ ठरवणारं एक प्रमुख जनुक (एमए-१) आणि उंचीचं एक जनुक (डीडब्ल्यू-२) एकाच गुणसूत्रावर, जवळजवळ बसतात. त्यामुळे बहुतेकदा दोन्ही जोडीनेच पुढच्या पिढीत उतरतात. हे गुणसूत्र सहावं. पण ‘सहावं’ ठरलं कसं?

१९९०च्या दशकात मक्याच्या डीएनए खुणा वापरून ज्वारीचे नकाशे तयार झाले. एकत्र उतरणाऱ्या खुणांचे दहा गट, म्हणजे दहा गुणसूत्रं; या गटांना प्रत्येक प्रयोगशाळेने आपापली अक्षरं दिली. एकीचा ‘ए’ गट दुसरीकडे भलत्याच नावाने असे, त्यामुळे एका नकाशावरचं जनुक दुसऱ्यावर शोधणं म्हणजे निव्वळ डोकेदुखी. अखेर २००५मध्ये बीटीएक्स-६२३ या वाणाच्या पेशींत चमकत्या खुणांनी गुणसूत्रं ओळखली गेली आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या लांबीनुसार त्यांना एक ते दहा क्रमांक मिळाले. २००९मध्ये त्याच वाणाचा सुमारे ७३ कोटी डीएनए-अक्षरांचा जनुकसंच (सगळ्या गुणसूत्रांवरचा पूर्ण मजकूर) प्रसिद्ध झाला, तेव्हा सातवं गुणसूत्र सहाव्यापेक्षा लांब निघालं आणि दहावं नवव्यापेक्षा. गुणसूत्राच्या मध्याजवळचा भाग घट्ट गुंडाळलेला असतो. तिथे जनुकं विरळ असतात आणि जोडीतल्या गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल फार कमी होते. डोळ्याला दिसणारी लांबी अक्षरांच्या मोजणीशी तंतोतंत जुळणं त्यामुळे अवघडच. तरीही क्रमांक बदलले नाहीत, आणि तेच योग्य झालं. पुन्हा बदलले असते तर नकाशांची तीच जुनी गल्लत परत आली असती.

पुढचं काम या क्रमांकांवरच उभं राहिलं. एमए-१ नेमकं कोणतं जनुक, हे २०११मध्ये उलगडलं, डीडब्ल्यू-२ २०१७मध्ये. आता कोवळ्या पानाच्या तुकड्यातला डीएनए तपासून रोप कधी निसवेल आणि किती वाढेल याचा अंदाज बांधता येतो. वऱ्हाडच्या खरिपासाठी माझ्या मते पहिली निवड पाऊस सरल्यावर पिकणाऱ्या, भरपूर कडबा देणाऱ्या रोपांची व्हावी. क्विंटलचा हिशेब त्यानंतर.