पातळ थराची करामत: चिएन-शिउंग वू आणि कोबाल्ट-६०

१९५७चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्सुंग-दाओ ली आणि चेन निंग यांग यांना मिळालं. त्यामुळे ‘आरशाचा नियम त्यांनी मोडला’ असं सर्रास लिहिलं जातं. हा नियम म्हणजे, एखादी घटना निसर्गात घडत असेल, तर तिची आरशातली प्रतिमाही तशीच घडू शकते. १९५६मध्ये या दोघांनी दाखवलं होतं ते इतकंच, की दुर्बल बलाच्या, म्हणजे अणुगर्भातल्या बीटा क्षयामागच्या बलाच्या, बाबतीत हा नियम कुणी तपासलेलाच नाही. प्रत्यक्ष तपासणी केली चिएन-शिउंग वू आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या चौघा सहकाऱ्यांनी.

वू यांचा जन्म १९१२चा, शांघायजवळच्या लिऊहे गावचा. १९३६मध्ये त्या बर्कलेला गेल्या, पुढे कोलंबिया विद्यापीठात स्थिरावल्या. बीटा क्षयावर, म्हणजे अणुगर्भातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याच्या प्रक्रियेवर, त्यांची हुकमत होती ती एका साध्या गोष्टीमुळे. किरणोत्सारी पदार्थाचा थर जाड किंवा गुठळ्यांचा असेल, तर आतून निघालेला इलेक्ट्रॉन बाहेर येईपर्यंत थरातच ऊर्जा गमावतो. मग मंद इलेक्ट्रॉन जास्त दिसतात आणि बीटा क्षयाचा फर्मीचा सिद्धांतच चुकल्यासारखा वाटतो. १९४९मध्ये वू यांनी तांब्याच्या क्षाराच्या द्रावणात साबणासारखं द्रव्य घालून एकसारखा पातळ थर मिळवला. आलेख सिद्धांताशी जुळला.

आता आरशाकडे. भोवरा आरशासमोर फिरवा. प्रतिमेत त्याची गिरकी उलटी दिसते, पण वर ते वरच राहतं. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूचे भोवऱ्यासारखी गिरकी घेणारे अणुगर्भ चुंबकीय क्षेत्राने एका दिशेला वळवले, तर बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन वर-खाली सारखेच असायला हवेत. तसे नसतील, तर आरशातलं दृश्य निसर्गात घडत नाही.

अडचण उष्णतेची. निरपेक्ष शून्याच्या जवळ, एक केल्विनच्या काही शतांशांपर्यंत थंड केल्याशिवाय अणुगर्भ दिशा धरत नाहीत. म्हणून सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटच्या स्फटिकावर कोबाल्टचा सुमारे ०.०५ मिलिमीटरचा थर वाढवला. इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी तो पातळच हवा, पण पातळ म्हणूनच तो काही सेकंदांत तापायचा आणि अणुगर्भांची दिशा विस्कटायची. उपाय म्हणून त्याच क्षाराचे मोठे स्फटिक वाढवून थराभोवती थंड घर बांधलं. स्फटिक तडकतात म्हणून भोकं दंतवैद्याच्या ड्रिलने पाडली. अतिथंडीत गोंद सुटून घर कोसळलं, तेव्हा ते नायलॉनच्या बारीक दोऱ्याने बांधलं. थराच्या वर २ सेंटिमीटर अंतरावर, इलेक्ट्रॉन आदळला की चमकणारा अँथ्रासिनचा पातळ स्फटिक. त्यातली चमक सुमारे १.२ मीटर लांब पारदर्शक कांडीतून वरच्या फोटोमल्टिप्लायरपर्यंत, म्हणजे चमक मोजणाऱ्या उपकरणापर्यंत, पोचायची.

क्षेत्र वरच्या दिशेला असताना मोजणी घटली, उलटं करताच वाढली. गिरकीच्या अक्षाच्या विरुद्ध दिशेला इलेक्ट्रॉन जास्त सुटत होते. 

२७ डिसेंबर १९५६ला हा फरक स्पष्ट दिसला, तरी वू यांनी घाई केली नाही. स्फटिकातलं उरलेलं चुंबकत्वच इलेक्ट्रॉन वळवत असेल तर? तापमापक म्हणून कोबाल्टमधूनच निघणारे गॅमा किरण होते: अणुगर्भ रांगेत असेपर्यंत ते बाजूंना जास्त, टोकांना कमी निघतात. नमुना तापत गेला तसा हा फरक काही मिनिटांत मावळला, आणि इलेक्ट्रॉनांचा फरकही त्याच वेळी, त्याच गतीने मावळला. म्हणजे तो फरक अणुगर्भांच्या दिशेमुळेच होता.