एका टिंबामागे ५१ क्वेरी

ताज्या पन्नास बातम्यांची यादी दाखवायची आहे, प्रत्येक बातमीखाली बातमीदाराचं नाव. पायथन भाषेत, जँगो हे फ्रेमवर्क वापरून, हे काम तीन ओळींत होतं. बातम्या मागवायच्या, एकेक हातात घ्यायची, शीर्षक छापायचं, मग बातमी, टिंब, बातमीदार, टिंब, नाव असं लिहून नाव छापायचं. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही वाचून अर्थ लागेल इतका सरळ कोड. तो चालतो, उत्तरही अचूक देतो. मात्र तेवढ्यासाठी डेटाबेसकडे ५१ फेऱ्या मारतो.

प्रत्येक फेरीत एक क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला एक प्रश्न, जाते. यातली एकही क्वेरी प्रोग्रामरनं स्वतः लिहिलेली नसते. त्याच्या वतीनं ती लिहितं ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजे ओआरएम नावाचं साधन. आज वेबवर चालणाऱ्या असंख्य सेवांच्या पोटात असं एखादं ओआरएम असतं: जावात हायबरनेट, रूबीत ॲक्टिव्ह रेकॉर्ड, पायथनमध्ये जँगोचं स्वतःचं किंवा एसक्यूएलअल्केमी. या साधनांनी प्रोग्रामरचे अगणित तास वाचवले आहेत. पण ५१ फेऱ्यांचं कोडं सुटायला साठ वर्षं मागे जावं लागतं, कारण हा वाद ओआरएमपेक्षा पुष्कळ जुना आहे.

१९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकमध्ये चार्ल्स बॅकमन यांनी आयडीएस ही डेटाबेस प्रणाली उभी केली. तिच्यात एका नोंदीतून दुसऱ्या नोंदीकडे दुवे जात. ग्राहकाच्या नोंदीपासून निघायचं, त्याची पहिली ऑर्डर गाठायची, तिथून पुढची, मग त्या ऑर्डरमधल्या वस्तू. वाट कुठून कुठे जाते हे प्रोग्रामरला पाठ असावं लागे. १९७३मध्ये ट्युरिंग पुरस्कार हा संगणकशास्त्रातला मानाचा पुरस्कार स्वीकारताना दिलेल्या व्याख्यानात बॅकमन यांनी प्रोग्रामरला नाविकच म्हटलं: डेटाच्या समुद्रात वाट काढत जाणारा.

त्याआधीच, १९७०मध्ये, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतले गणितज्ञ एडगर कॉड यांनी नेमकी उलटी मांडणी केली होती. माहिती साध्या टेबलांमध्ये ठेवा. एक टेबल दुसऱ्याशी जोडायचं ते दुव्यानं नाही, दोन्हींकडे असलेल्या समान मूल्यानं. आणि वापरणाऱ्यानं फक्त काय हवं ते सांगायचं. तिथवर पोचायचं कसं, ते यंत्र ठरवेल. एकेका नोंदीमागे धावणं संपलं, हवा तो सगळा संच एका वाक्यात मागता येऊ लागला. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये या विचाराला जी भाषा दिली, तीच पुढे एसक्यूएल झाली. त्याच वर्षी मिशिगनमधल्या ॲन आर्बर इथे बॅकमन आणि कॉड यांच्यात या दोन दृष्टींवर जाहीर वाद झाला. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत बाजारानं कॉडच्या बाजूनं कौल दिला. कॉड यांना १९८१मध्ये ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

पण प्रोग्रामिंगच्या भाषा दुसऱ्याच दिशेनं निघाल्या होत्या. नॉर्वेतल्या सिम्युला ६७ आणि कॅलिफोर्नियातल्या स्मॉलटॉक या भाषांपासून ऑब्जेक्टची कल्पना रुजली आणि जावानंतर ती सर्वत्र पोचली. ऑब्जेक्ट म्हणजे माहिती आणि तिच्यावरची कामं एकत्र बांधलेली गाठोडी, आणि ही गाठोडी एकमेकांना धरून असतात ती दुव्यांनी. बातमीच्या ऑब्जेक्टला बातमीदाराचा ऑब्जेक्ट चिकटलेला असतो. टेबलात मात्र बातमीच्या ओळीत बातमीदाराचा फक्त क्रमांक असतो, समजा १७; त्याचं नाव दुसऱ्या टेबलात, १७ क्रमांकाच्या ओळीत. ओआरएम या दोन जगांमध्ये पूल बांधतं. टेबलाला क्लास (म्हणजे ऑब्जेक्टचा साचा), ओळीला ऑब्जेक्ट आणि १७ या आकड्याला टिंब अशी जोडणी लावून देतं. माझ्या मते खरी गोम इथेच आहे. कॉडनी बाहेर काढलेला बॅकमनचा नाविक या टिंबातून पुन्हा आत येतो.

जँगोचा जन्म खऱ्याखुऱ्या बातम्यांमधलाच, म्हणून उदाहरणही तिथलं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात लॉरेन्स नावाचं गाव आहे. तिथल्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेबविभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३मध्ये हे फ्रेमवर्क घडवायला घेतलं आणि २००५मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. नाव जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवरून. वृत्तपत्राच्या मुदती तासांत मोजल्या जातात. दर पानासाठी हातानं एसक्यूएल लिहीत बसायला वेळ कुठून आणायचा? जँगोच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आजही बातमी आणि बातमीदार हीच जोडी उदाहरण म्हणून भेटते.

जँगोचं ओआरएम आळशी आहे, आणि हा आळस मुद्दाम दिलेला आहे. क्रीडा विभागातल्या बातम्या घे, त्यातल्या याच महिन्यातल्या, नवी आधी, पहिल्या पन्नास: असे चार टप्पे चार ओळींत लिहिले तरी डेटाबेसकडे काहीही जात नाही. ओआरएम प्रत्येक टप्प्याला मनातल्या मनात क्वेरीचा आराखडा वाढवत राहतं. प्रत्यक्ष पहिली बातमी वाचायला घेतली की मगच त्या आराखड्याची एक क्वेरी बनते आणि एकदाच जाते. एका फंक्शननं विभाग निवडावा, दुसऱ्यानं तारीख लावावी, तिसऱ्यानं क्रम, आणि शेवटी सगळ्यांची मिळून एकच क्वेरी व्हावी. हे कॉडच्या मनासारखं आहे आणि मला ते फार देखणं वाटतं.

त्याच साधनात आणखी एक आळस आहे, आणि त्याचा परिणाम उलटा होतो. बातमी आणताना बातमीदार आणायचा नाही; कुणी टिंब देऊन त्याला हात लावला की तेवढ्यापुरतं जाऊन आणायचं. पहिला आळस कामं गोळा करतो, दुसरा विखुरतो. पन्नास बातम्यांसाठी एक क्वेरी आणि मग प्रत्येक बातमीदारासाठी एकेक, म्हणून ५१. प्रोग्रामर याला ‘एन प्लस वन’ म्हणतात. एकाच बातमीदारानं त्यातल्या वीस बातम्या लिहिल्या असतील तर जँगो तीच ओळ वीस वेळा आणतं. एसक्यूएलअल्केमी आणि हायबरनेट आपल्या सत्रात आणलेली ओळ लक्षात ठेवतात, त्यामुळे तिथे निदान ही पुनरुक्ती टळते.

५१ या आकड्यात वाईट काय, तर अंतर. डेटाबेस एकाच डेटा सेंटरमध्ये असेल तर जायला-यायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो, तो खपून जातो. पण काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २००. डेटाबेस हजार किलोमीटरवर असेल तर एका फेरीला किमान १० मिलिसेकंद लागणारच. ५१ फेऱ्यांचा अर्धा सेकंद झाला. बातमीदाराबरोबर विभाग आणि छायाचित्रही टिंबानंच मागितलं तर फेऱ्या १५१ आणि वेळ दीड सेकंद. प्रोसेसर कितीही वेगवान घ्या, हा वेळ कमी होत नाही, कारण तो हिशेबात जात नाही, वाटेत जातो. आणि लिहिणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याचा डेटाबेस त्याच्याच लॅपटॉपवर असतो, त्यात चाचणीसाठी टाकलेल्या पाच बातम्या. वेबसाइट लोकांसमोर जाते, बातम्या साठतात, आणि मग पान अडखळू लागतं.

उपाय एका शब्दाचा आहे, पण तो कोणता हे विचार करून ठरवावं लागतं. जँगोला ‘सिलेक्ट रिलेटेड’ सांगितलं की ते दोन्ही टेबलं डेटाबेसमध्येच जोडून आणतं, म्हणजे जॉइन करतं. ५१ची एक क्वेरी होते. एका बातमीला एकच बातमीदार असतो तेव्हा हे उत्तम. पण समजा एका बातमीला सहा विषय आणि दहा छायाचित्रं आहेत. तिन्ही टेबलं एकाच क्वेरीत जोडली तर प्रत्येक विषयाची प्रत्येक छायाचित्राशी जोडी लागते: एका बातमीच्या ६० ओळी, पन्नास बातम्यांच्या ३०००, आणि प्रत्येक ओळीबरोबर बातमीचा सगळा मजकूर पुन्हा पुन्हा. फेरी एकच, पण ओझं भलतंच. अशा वेळेसाठी २०१२च्या १.४ आवृत्तीत ‘प्रीफेच रिलेटेड’ आलं. ते आधी बातम्या आणतं, मग त्या पन्नास क्रमांकांचे सगळे विषय एका क्वेरीत, सगळी छायाचित्रं आणखी एका क्वेरीत, आणि जोडण्याचं काम पायथनमध्ये करतं. फेऱ्या तीन, ओळी ५० अधिक ३०० अधिक ५००, म्हणजे ८५०.

वाचताना वेळ जातो, लिहिताना माहितीच चुकू शकते. बातमी किती जणांनी वाचली त्याचा आकडा एकानं वाढवायचा आहे. ऑब्जेक्टच्या सवयीनं लिहिलं तर बातमी आणायची, आकड्यात एक मिळवायचा, जतन करायची. पण दोन वाचक एकाच क्षणी आले तर दोन सर्व्हर १०० वाचतात, दोघेही १०१ लिहितात आणि एक वाचक हरवतो. चूक कुठेच नोंदली जात नाही. वाचकसंख्येत हे चालून जाईल. तिकिटांच्या शिल्लक जागांत किंवा खात्यातल्या रकमेत नाही. जँगोत यासाठी एफ नावाची रचना आहे. ती आकडा आणतच नाही, ‘जो असेल त्यात एक मिळव’ असं डेटाबेसला सांगते. ओळीला कुलूप लावून एकामागून एक बदल करणं हे डेटाबेसचं जन्मसिद्ध काम आहे, ते त्याच्याकडेच राहतं.

हे सगळं पाहून काहीजण ओआरएम टाकूनच द्या म्हणतात. मला ते पटत नाही. ओब्रायन हे आयरिश आडनाव इंग्रजीत लिहिताना ओ नंतर वर स्वल्पविरामासारखी खूण येते. एसक्यूएलमध्ये मजकूर संपल्याची खूणही तीच. वाचकानं टाइप केलेलं नाव हातानं लिहिलेल्या क्वेरीत तसंच चिकटवलं तर ती तिथेच मोडते, आणि कुणी मुद्दाम त्या खुणेपुढे स्वतःचा हुकूम लिहिला तर डेटाबेस तोही पाळतो. एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात तो हल्ला हाच. ओआरएम मजकूर आणि क्वेरी वेगवेगळी पाठवतं, त्यामुळे नेहमीच्या वापरात हा धोका मुळातच उरत नाही. दर महिन्याला विभागवार पहिले तीन बातमीदार कोण, असला अहवाल मात्र मी एसक्यूएलमध्येच लिहीन. जँगोत तो ४.२ आवृत्तीपासून सरळ जमतो, पण वाचणाऱ्याला कोडं पडतं. आणि नव्यानं शिकणाऱ्यांना कळकळीनं सांगेन की आधी एसक्यूएल शिका. निदान जॉइन आणि ग्रुप बाय (म्हणजे गटवार हिशेब) हातानं लिहून पाहा, म्हणजे ओआरएमनं तुमच्या नावावर काय पाठवलं ते वाचता येईल.

कारण ते वाचण्याची सोय आहे. जँगो डीबग मोडमध्ये, म्हणजे चुका शोधण्यासाठीच्या अवस्थेत, प्रत्येक क्वेरी आणि तिला लागलेला वेळ नोंदवून ठेवतं. डीबग टूलबार ती यादी पानाच्या कडेलाच दाखवतो. जँगोच्या चाचण्यांत तर थेट आकडाच लिहून ठेवता येतो: हे पान तीन क्वेरींत झालं पाहिजे. सहा महिन्यांनी कुणी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे पानाच्या साच्यात, एक निरुपद्रवी टिंब वाढवलं आणि तीनच्या त्रेपन्न झाल्या, तर चाचणी त्याच दिवशी लाल होते.

ॲक्टिव्ह रेकॉर्ड ज्याचा भाग आहे त्या रूबीतल्या रेल्स या फ्रेमवर्कनं पुढचं पाऊल टाकलं. डिसेंबर २०२०च्या ६.१ आवृत्तीत ‘स्ट्रिक्ट लोडिंग’ आलं: ते चालू केलं की आधी न मागवलेल्या ऑब्जेक्टला टिंबानं हात लावताच प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. एसक्यूएलअल्केमीत हीच मुभा ‘रेझलोड’ नावानं आहे. एसक्यूएलअल्केमीच्या असिंक पद्धतीत, म्हणजे उत्तराची वाट पाहताना प्रोग्राम इतर कामं करू शकतो त्या पद्धतीत, तर असं गुपचूप जाऊन आणणं मुळातच चालत नाही, कारण तिथे डेटाबेसकडे जाणारी प्रत्येक फेरी कोडमध्ये ‘अवेट’ लिहून उघडपणे जाहीर करावी लागते.