थंडी पडली की टू-स्ट्रोक का जाम होतं?

"उन्हायामा चांगली चालस, मंग हिवायामाच काब जाम व्हस?" टू-स्ट्रोक गाड्यांवर काम करणाऱ्या खानदेशातल्या मिस्त्रीला डिसेंबरात हा प्रश्न ऐकावा लागतोच. प्रश्न रास्त आहे. भुसावळच्या ४५ अंशांच्या उन्हात ज्या पिस्टनला काही झालं नाही, तो १० अंशांच्या सकाळी बोअर (सिलेंडरची आतली भिंत) का धरतो? बरेच जण दोष तेलाला देतात. माझ्या मते आधी हवेकडे बघावं.

हवा तापली की विरळ होते. ४५ अंशांच्या मानाने १० अंशांच्या हवेत, तेवढ्याच जागेत, सुमारे १२ टक्के जास्त ऑक्सिजन मावतो. साध्या कार्बोरेटरला हवेचं वजन कळत नाही. घट्ट हवा जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकातून) थोडं जास्त पेट्रोल ओढते खरी, पण हवा वाढते त्याच्या निम्म्यानेच पेट्रोल वाढतं. त्यामुळे मे महिन्यात अचूक बसवलेला जेट डिसेंबरच्या पहाटे ५-६ टक्के कमी पडतो. मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. फोर-स्ट्रोकमध्ये हे बऱ्यापैकी खपून जातं. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलची आणखी दोन कामं असतात: वाफ होताना पिस्टनला आतून गार करणं, आणि प्रीमिक्स गाडीत (जिथे तेल टाकीतल्या पेट्रोलमध्येच मिसळतात) तर वंगणाचं तेल सोबत घेऊन जाणं. पेट्रोल कमी म्हणजे गारवाही कमी आणि तेलही कमी.

त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीपासूनच असतो. शुद्ध पेट्रोलचा एक किलो जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते. म्हणजे जुन्या काळच्या पेट्रोलसाठी काढलेला जेट आज मुळातच सात-आठ टक्के कोरडा आहे. त्यावर थंडीचे ५-६ टक्के चढले की उरलं काय? म्हणून जुन्या टू-स्ट्रोकला हिवाळ्यात मेन जेट एक-दोन नंबरांनी मोठा लावणं हा सगळ्यात स्वस्त विमा आहे.

थंडीतला दुसरा शत्रू म्हणजे घाई. किक मारली की लगेच पूर्ण रेस. ॲल्युमिनियमचा पिस्टन बिडाच्या सिलेंडरपेक्षा जवळपास दुप्पट फुगतो, आणि तापतोही आधी. ६४ मिलीमीटरचा पिस्टन सिलेंडरपेक्षा ५० अंश जास्त तापला, तर तो सुमारे ०.०६ मिलीमीटर फुगतो. दोघांमधला गॅप असतो साधारण तेवढाच. पाण्याने गार होणाऱ्या इंजिनात हा प्रकार जास्त, कारण भोवतीचं थंड पाणी सिलेंडरला लवकर तापू देत नाही. असा जाम झालेला पिस्टन बाहेर काढला तर ओरखडे 'चार कोपऱ्यांवर', म्हणजे घेरावर चार ठिकाणी, उभे उमटलेले दिसतात. जेट कमी पडून जाम झालेल्या पिस्टनवर ते बहुधा एक्झॉस्टच्या बाजूला असतात, कारण तीच बाजू सगळ्यात गरम. नवी रिंग टाकून बंद करण्याआधी हा फरक बघणारा मिस्त्री खरा.

६४ चा आकडा मुद्दाम घेतला. एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलेल्या राजदूत ३५० चं बोअर (सिलेंडरचा आतला व्यास) ६४ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ५४ मिलीमीटर, दोन सिलेंडर मिळून ३४७ सीसी. अमेरिकेत वाळूच्या टेकड्यांवर पळवल्या जाणाऱ्या एटीव्हींमधली (चारचाकी, हँडलच्या गाड्यांमधली) सगळ्यात नावाजलेली म्हणजे यामाहाची बॅन्शी. ती १९८७ मध्ये आली आणि तिचीही मापं हीच: ६४, ५४, ३४७. घराणं एकच, यामाहाच्या आरडी ३५० मोटरसायकलचं. बॅन्शीला पाण्याचं जॅकेट आहे आणि चार जाड टायर आहेत, एवढंच. ज्याच्या हाताखालून राजदूत ३५० गेली, त्याला तिच्या इंजिनात परकं काही वाटणार नाही. आरएक्स १०० वाल्यालाही नाही, रीड वाल्व्ह (मिश्रण फक्त आत येऊ देणारी पातळ पत्ती) तिथेही आहेच.

आता 'ट्युनिंग'. टू-स्ट्रोकच्या सिलेंडरला वरचे वाल्व्ह नसतात, भिंतीत खिडक्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो-झाकतो. अडचण अशी की एक्झॉस्टची खिडकी सगळ्यात शेवटी झाकली जाते, त्यामुळे आत आलेलं ताजं मिश्रण जळायच्या आधीच सायलेन्सरमध्ये पळतं. यावरची तोड परिपक्व केली ती पूर्व जर्मनीतल्या एमझेड या मोटरसायकल कंपनीचे इंजिनिअर वॉल्टर काडेन यांनी. त्यांनी सायलेन्सरच्या नळीला मध्ये फुगवटा आणि शेवटी उलटा शंकू दिला. खिडकी उघडताच दाबाची लाट नळीत धावते, फुगवट्यात तिचा काही भाग ओढ बनून मागे येतो आणि सिलेंडर रिकामा करतो. पुढच्या शंकूवर आपटलेला भाग दाब बनून परततो आणि पळालेलं मिश्रण पुन्हा आत ढकलतो, खिडकी मिटायच्या अगदी क्षणभर आधी.

हे सगळं वेळेचं गणित आहे. ८००० आरपीएमला एक फेरी ७.५ मिलीसेकंदांची. खिडकी १९० अंश उघडी राहिली तर तिला मिळतात सुमारे ४ मिलीसेकंद. गरम एक्झॉस्टमध्ये लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर जाते, म्हणजे जाऊन-येऊन दोन मीटर. म्हणून शंकू मीटरभराच्या आत हवा. ५००० आरपीएमला हीच लाट फार लवकर परत येते आणि काम बिघडवते. पॉवर एकदम 'लागते' ती यामुळे, आणि त्याखाली गाडी मेलेली वाटते तीही यामुळेच. १९६१ मध्ये काडेन यांचं १२५ सीसी इंजिन क्षमतेच्या दर लिटरमागे २०० हॉर्सपॉवरच्या घरात पोहोचलं होतं, तेही सुपरचार्जरशिवाय. त्याच वर्षी त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीनंतर पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ मध्ये ५० सीसीचं जागतिक विजेतेपद सुझुकीकडे गेलं. जपानी टू-स्ट्रोकच्या भरभराटीत त्या पळालेल्या ज्ञानाचा वाटा मोठा.

म्हणून सायलेन्सर बदलून जेट न बदलणं हा मला निव्वळ अडाणीपणा वाटतो. नवा पाइप जास्त मिश्रण भरतो, पेट्रोल मात्र तेवढंच. पोर्ट घासण्याबाबत तर मी आणखी कडक आहे. ५४ मिलीमीटरच्या स्ट्रोकला एक्झॉस्टची खिडकी फक्त १ मिलीमीटर वर नेली तरी ती सुमारे ४ अंश जास्त वेळ उघडी राहते. खालच्या आरपीएमची ओढ (ताकद) जाते, वरची वाढते, आणि घासलेलं बीड परत येत नाही. शेताच्या बांधावरून, गिरणेच्या वाळूतून गाडी काढायची असेल तर खालची ओढच हवी.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणाऱ्यांनी निदान एक मोजणी करावी. प्लगच्या भोकातून सोल्डरची मऊ तार सिलेंडरच्या कडेला टेकेपर्यंत, पिस्टन पिनच्या रेषेत घालायची आणि इंजिन हाताने एकदा वरून फिरवायचं. चपटलेलं टोक मायक्रोमीटरने मोजायचं, तीच पिस्टन आणि हेडमधली फट. बहुतेक इंजिनांत ते १ मिलीमीटरच्या आसपास यावं. फार जाड आलं तर कडेचं मिश्रण उशिरा जळून नॉकिंग होतं (ते आपोआप भडकतं), फार पातळ आलं तर जास्त आरपीएमला पिस्टन हेडला टेकतो.

मॉडिफिकेशनच्या आधी मात्र गळती तपासा. टू-स्ट्रोकचा क्रँककेस (पिस्टनखालची बंद पेटी) हा मिश्रण वर ढकलणारा पंप आहे. क्रँकच्या टोकाचं ऑइल सील कडक झालं की तिथून नुसती हवा आत शिरते, आणि कितीही जेट बदला, मिश्रण कोरडंच. तपासणी सोपी आहे: कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढून दोन्ही तोंडं बंद करायची, आत ६ पीएसआय हवा भरायची आणि ६ मिनिटं काटा बघायचा. गेज नसेल तर रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि तबकडी चालते. तिचा ३०० चा आकडा म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय. काटा उतरू लागला तर सांध्यांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येईल तिथे रोग.

धुळीचंही तसंच. फोर-स्ट्रोकमध्ये हवा थेट सिलेंडरात जाते, इथे ती आधी क्रँकच्या बेअरिंगांवरून जाते. नदीच्या वाळूतलं क्वार्ट्‌झ साध्या पोलादाहूनही कठीण. फोमचा फिल्टर धुऊन, पूर्ण वाळवून, फिल्टरचं तेल चोळून बसवावा आणि कडेला ग्रीसचा हात फिरवावा. मग आठवड्याने फिल्टरमागच्या रबरी नळीत बोट घालून बघावं. बोटाला कचकच लागली तर फिल्टर नुसता शोभेला आहे.

शहाद्याहून तोरणमाळ चढताना उलटा खेळ होतो. हजार मीटरहून जास्त उंचीवर हवा जवळपास दहा टक्के विरळ, मिश्रण ओलं, गाडी जड वाटते. यात इंजिन मरत नाही, फक्त प्लग काळा पडतो. धोका उतरताना आहे. रेस पूर्ण सोडून, गाडी गिअरमध्ये ठेवून घाट उतरला की इंजिन जोरात फिरतं, पण जेटमधून पेट्रोल जवळजवळ येत नाही, आणि प्रीमिक्स गाडीत तेल त्या पेट्रोलमध्येच असतं. ऑइल पंप असलेल्या आरएक्स १०० ला थोडं तरी मिळतं, बॅन्शीसारखीला तेही नाही. उतारावर थोड्या थोड्या वेळाने क्लच दाबून हलकी रेस द्यावी, वेग ब्रेकने आवरावा. ब्रेकचे लायनर पिस्टनपेक्षा स्वस्त पडतात.