बार्शी लाईट : बंद झालेल्या छोट्या गाडीची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात जुन्या माणसांपुढे रेल्वेचा विषय काढला की ‘बार्शी लाईट’चं नाव निघतंच. तिची नॅरोगेज (अरुंद रुळांची) स्टेशनं आता इतिहासजमा झाली आहेत.

मुंबईहून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० साली सोलापुरात पोचली. कापसाची मोठी पेठ असलेली बार्शी मात्र बाजूलाच राहिली. जवळचं स्टेशन कुर्डुवाडी, त्याला तेव्हा ‘बार्शी रोड’ म्हणत. तिथून बार्शी सुमारे २१ मैल. तेवढ्या वाटेवर सगळी भिस्त बैलगाड्यांवर.

एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने ही अडचण हेरली. १८९५ मध्ये लंडनला कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावू लागली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पण कॅल्थ्रॉपची खरी करामत वजनाच्या हिशेबात होती. इंजिन असो की वाघीण (मालडबा), एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम. भार जास्त आसांवर वाटला गेला, की दर यार्ड (तीन फूट) लांबीला ३० पौंड वजनाचे हलके रूळही पुरतात आणि बांधकामाचा खर्च उतरतो. माझ्या मते भारतातल्या छोट्या रेल्वेंमध्ये इतका नेटका विचार क्वचितच झाला असेल.

पुढे गाडी १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला गेली. आषाढी-कार्तिकीला तर वारकरी टपावरही बसत. १९५४ मध्ये ती सरकारच्या ताब्यात आली.

पण लहान गेजचं दुखणं कुर्डुवाडीतच होतं. मोठ्या लाईनवर जाणारं प्रत्येक पोतं इथे हमालांनी उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचं. वेळ जाई, हमाली वाढे, माल सांडे. रस्ते सुधारले तसा व्यापारी ट्रककडे वळला. अखेर ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची लाईन, इथेही आली. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हतं, ते नव्या मार्गाने जोडलं गेलं. २००८ मध्ये धाराशिव-कुर्डुवाडी टप्पाही सुरू झाला. हे व्हायलाच हवं होतं.

बार्शीचा नमुना घेऊन कॅल्थ्रॉपने इंग्लंडमध्ये लीक-मॅनिफोल्ड रेल्वे उभारली. ती १९३४ मध्ये बंद पडली, पण तिच्या मार्गावर पायवाट केली गेली आणि लोक आजही तिथे फिरायला जातात. बार्शी लाईटचा जो भराव नव्या रुळांखाली गेलेला नाही, त्याची निदान मोजणी तरी व्हावी आणि उरलेल्या स्टेशन-इमारतींची नोंद जिल्ह्याच्या दप्तरी लागावी.