‘स्टेअरवे टू हेवन’: उतरता खर्ज, चढती तार

‘स्टेअरवे टू हेवन’ची सुरुवातीची धून लेड झेपेलिन या ब्रिटिश रॉक बँडने स्पिरिट या बँडच्या ‘टॉरस’मधून (1968) उचलली, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. 2020 साली अमेरिकेच्या अपील न्यायालयाने झेपेलिनच्या बाजूचा निकाल कायम केला, तरीही. दोन्ही रचनांत सारखं आहे ते खालच्या स्वरांचं पायरीपायरीने उतरणं. पण ती कुणाच्याच मालकीची गोष्ट नाही. 17व्या शतकात हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराने आपल्या ऑपेरातल्या डायडो राणीच्या विलापगीतात तेच वापरलं होतं. झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज याची खरी करामत वरच्या तारेवर आहे.

पेटी असेल तर पांढरी सहा हा सा धरा आणि एकही पट्टी न गाळता खाली या: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध. आपल्या रागांत दोन निषाद आणि दोन धैवत असे एकापाठोपाठ सहसा येत नाहीत, म्हणून हे उतरणं कानाला लगेच वेगळं लागतं. गिटारवर हे चौथ्या तारेचे 7, 6, 5, 4, 3 हे पडदे. दर पायरीला कंपनसंख्या 1.0595 ने भागली जाते: 220, 207.7, 196, 185, 174.6 हर्ट्झ.

आता पहिली, म्हणजे सर्वांत उंच स्वराची तार ऐका. तिथे स्वर चढतात: 440, 494, 523. म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचं गुणोत्तर 2 वरून 2.38, मग 2.67. अंतर ताणत जातं. चौथ्या पायरीला वरची तार एकदम 370 वर येते. खाली 185. पुन्हा बरोबर दुप्पट! ताण क्षणात मिटतो.

आणि लगेच पाचवी पायरी. खाली 174.6, वर मोकळी पहिली तार, 329.6. कुठलीही छेडलेली तार मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट कंपनसंख्येचे हार्मोनिकही देते; तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार असाच, पाचपटीतून येतो. 174.6 ची दुप्पट 349.2. ती 329.6 च्या अगदी शेजारी, फरक सुमारे 20 हर्ट्झ. आतल्या कानातल्या बेसिलर पडद्यावर या दोघांच्या जागा एकमेकींवर चढतात आणि तिथलं कंपन सेकंदाला 20 वेळा कमीजास्त होतं. फरक दोन-तीनच असता तर तंबोरा जुळवताना येतात तशा लाटा मोजता आल्या असत्या. शंभराच्या वर असता तर दोन स्वर सुटे ऐकू आले असते. वीस-तीसच्या आसपास मात्र मेंदूला जाणवते ती खरखर. त्या जागेची हुरहुर बरीचशी या घर्षणातून येते, असं माझं ठाम मत आहे.

वाजवताना ही जागा हमखास निसटते. दोन्ही तारा अंगठा आणि बोटाने एकाच वेळी छेडायला हव्यात आणि दोन्ही वाजत राहायला हव्यात. एकाच पिकने पाठोपाठ छेडल्या, तर घर्षण थोडं उशिरा सुरू होतं; चौथ्या तारेवरचं बोट लवकर उचललं, तर ते होतच नाही. तार बरोबर मधोमध छेडली, तर दुसरा हार्मोनिकच उठत नाही.

हे गाणं उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती ऐकू येते, ही 1982 च्या सुमाराची अमेरिकी आवई. वोकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 साली दाखवून दिलं की उलट्या बोलण्याचा अर्थ लोकांना लागत नाही. काय ऐकायचं ते आधी सांगितलं, तरच ते ‘ऐकू येतं’. भूत ध्वनिमुद्रणात नाही, सूचनेत आहे.

नोव्हेंबर 1971 मध्ये बाजारात आलेल्या या आठ मिनिटांच्या गाण्यात ड्रम चार मिनिटं उलटून गेल्यावर येतात. शेवटच्या वेगवान भागात कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) फिरतात ए मायनर, जी, एफ असे. त्यांचे मूळ स्वर म्हणजे सा, कोमल नी, कोमल ध: तोच जिना, दोन पायऱ्या गाळलेला. त्यावरचा सोलो बहुतेक धानी रागाच्या पाच स्वरांत फिरतो, आणि मधूनमधून धानीत नसलेल्या कोमल धैवतावर येऊन थांबतो.