फुकटचे ताट आणि जेवणाचा तास: फिनलंड आणि जपान

शाळेतील जेवणाचा विषय निघाला की फिनलंड आणि जपान ही दोन नावे हमखास येतात, आणि बहुतेक वेळा एका दमात येतात. पांढरे डगले घालून, डोक्याला टोपी आणि तोंडाला मुखपट्टी लावून आपल्याच वर्गमित्रांना वाढणाऱ्या चिमुरड्यांच्या चित्रफिती अनेकांनी पाहिलेल्या असतात. त्यांच्याखाली ‘तिकडे हे सगळे सरकार फुकट देते’ अशा अर्थाची ओळ असते. यातले चित्र जपानचे असते आणि ओळ फिनलंडची.

गल्लत व्हावी इतके साम्य दोहोंत आहे, हे मान्य करावे लागेल. दोन्ही देशांत लहान वर्गांतील जवळजवळ सगळी मुले दुपारी शाळेतच गरम जेवण जेवतात, डॉक्टरांच्या मुलाला आणि ट्रकचालकाच्या मुलीला एकाच भांड्यातले अन्न मिळते, घरून डबा आणणे हा अपवाद असतो आणि व्यवस्थेची जबाबदारी प्रामुख्याने स्थानिक नगरपालिकेकडे असते. फरक आहे तो जेवणाकडे पाहण्याच्या दृष्टीत. फिनलंडच्या कायद्याला तो विद्यार्थ्याचा हक्क वाटतो, तर जपानच्या कायद्याला तो शिक्षणाचा एक भाग वाटतो. पैसे कोणी द्यायचे, वाढायचे कोणी, जेवायचे कुठे आणि ही सोय कोणत्या वयापर्यंत, या प्रश्नांची उत्तरे पुढे त्यातूनच वेगळी होत जातात.

फिनलंडमध्ये हा कायदा १९४३ साली झाला. देश तेव्हा सोव्हिएत संघाशी युद्धात गुंतलेला होता आणि अन्नधान्य शिधापत्रिकेवर मिळत होते. अशा दिवसांत संसदेने नगरपालिकांवर बंधन घातले, की शाळेत येणाऱ्या प्रत्येक मुलाला शाळेच्या प्रत्येक दिवशी विनामूल्य जेवण द्यावे. तयारीसाठी पाच वर्षांची मुदत होती आणि १९४८ पासून ही व्यवस्था देशभर लागू झाली. सर्व विद्यार्थ्यांना मोफत जेवण देणारा पहिला देश म्हणून फिनलंडचे नाव घेतले जाते ते यामुळे. या कायद्याचे सगळे नवेपण ‘प्रत्येक’ या एका शब्दात होते. गरीब मुलांना शाळेत काहीतरी खाऊ घालण्याची पद्धत त्याआधीही होती, पण गरीब कोण हे आधी ठरवावे लागे आणि ते ठरले की वर्गात सर्वांना कळे. नव्या कायद्याने ती निवडच रद्द केली. अर्थात सुरुवातीचे ताट काही भरगच्च नव्हते. पेज, लापशी किंवा सूप एवढेच शाळेकडून मिळे. पाव आणि दूध मुले घरून आणत. शिवाय शाळेच्या वेळेबाहेर स्वयंपाकघरासाठी भाजी पिकवणे, रानातून बेरी वेचून आणणे अशी वाजवी कामे मुलांकडून करून घेण्याची तरतूदही होती. म्हणजे फुकट जेवणालाही अट होती, फक्त ती पैशांची नव्हती.

आज लागू असलेला मूलभूत शिक्षण कायदा १९९८ सालचा आहे. शिकत असलेल्या विद्यार्थ्याला प्रत्येक शालेय दिवशी नीट आयोजित केलेले, देखरेखीखालचे, समतोल आणि विनामूल्य जेवण दिले पाहिजे, असे त्यातले कलम एका वाक्यात सांगते. खर्च कराच्या पैशांतून भागतो आणि पालकांच्या हाती कधीही बिल पडत नाही.

प्रत्यक्षात हे जेवण शाळेच्या भोजनगृहात होते आणि ते आपल्या कल्पनेपेक्षा बरेच लवकर, म्हणजे अकराच्या सुमारास आणि काही शाळांत त्याही आधी होते. रांगेच्या तोंडाशी एक नमुन्याचे ताट मांडून ठेवलेले असते: अर्धा भाग भाज्या आणि कोशिंबिरी, एक चतुर्थांश बटाटे, भात किंवा पास्ता, उरलेल्या चतुर्थांशात मासे, मांस किंवा डाळी-कडधान्ये, बाजूला पावाचा तुकडा आणि दुधाचा पेला. काही मुले दुधाऐवजी ‘पीमा’ घेतात, जे आपल्या ताकाच्या जवळ जाणारे आंबवलेले दूध आहे. गुरुवारी वाटाण्याचे घट्ट सूप आणि मागून पॅनकेक ही तिकडची जुनी रीत अनेक शाळांनी अजून सोडलेली नाही. ते नमुन्याचे ताट पाहून मूल स्वतःच्या हाताने स्वतःला वाढून घेते, हवे तिथे बसते, आणि जेवण झाले की उरलेले खरवडून ताट ठरलेल्या जागी ठेवते. मोठी माणसे आसपास असतात, पण कोणी घास मोजत नाही. दिवसाच्या ऊर्जेच्या गरजेपैकी सुमारे एक तृतीयांश भाग या जेवणातून मिळावा, असा हिशेब धरलेला असतो. त्यातले किती पोटात जाईल, हे मात्र बरेचसे मुलावर सोडलेले असते.

जपानची कहाणी दानापासून सुरू होते. १८८९ साली यामागाता प्रांतातील त्सुरुओका येथे एका बौद्ध मंदिरात चालणाऱ्या शाळेने गरीब मुलांना भाताचे गोळे, खारवलेला मासा आणि लोणचे द्यायला सुरुवात केली, आणि जपानी शालेय भोजनाचा, म्हणजे ‘क्यूशोकु’चा, उगम तिथेच मानला जातो. महायुद्धाने ही पद्धत मोडून टाकली. युद्धानंतरच्या उपासमारीच्या दिवसांत परदेशी मदतसंस्थांकडून आलेल्या अन्नावर आणि दूध भुकटीवर ती पुन्हा उभी राहिली. १९५० मध्ये आठ मोठ्या शहरांत अमेरिकेहून आलेल्या गव्हाच्या पिठाचा पाव सुरू झाला आणि १९५४ साली शालेय भोजन कायदा आला. त्या पिढीतल्या माणसांना शाळेतील जेवण म्हटले की पाव आणि भुकटीच्या दुधाचा नकोसा वास आठवतो. भातावर वाढलेल्या या देशात शाळेच्या ताटात भात अधिकृतपणे यायला १९७६ साल उजाडले, ही गोष्ट मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विलक्षण वाटते.

पोट भरण्याची निकड संपल्यावर हे जेवण बंद पडू शकले असते. तसे झाले नाही, कारण तोवर त्याला शिक्षणात जागा मिळालेली होती. २००५ साली ‘शोकुइकु’चा, म्हणजे आहारशिक्षणाचा, मूलभूत कायदा झाला, त्याच वर्षी शाळांत पोषण-शिक्षक हे पद सुरू झाले, आणि २००८ च्या दुरुस्तीने शालेय भोजन कायद्याच्या उद्दिष्टांतच आहारशिक्षणाला स्थान मिळाले.

जपानी शाळेतील दुपार पाहिली की याचा अर्थ कळतो. चौथा तास संपतो आणि मुले बाके सरकवून चार-सहा जणांचे गट करतात, कारण बहुतेक ठिकाणी जेवण वर्गातच होते. ज्यांची पाळी असेल ती मुले हात धुतात, डगले चढवतात, आणि भाताचे, सूपचे, भाजीचे जड डबे दोघे-दोघे मिळून उचलून आणतात. एक जण पळीने सूप ओततो, दुसरी भात वाढते, आणि शेवटच्या मुलापर्यंत पुरेल अशा बेताने वाढणे हा त्यातला खरा कसोटीचा भाग असतो. सर्वांच्या पुढ्यात ताट आल्याशिवाय कोणी घास घेत नाही. मग ‘इतादाकिमासु’, म्हणजे ‘हे अन्न नम्रपणे स्वीकारतो’, असे एकसुरात म्हणून जेवण सुरू होते. शिक्षकही तिथेच, तेच अन्न जेवतात, आणि मुख्याध्यापकांनी तर ते मुलांच्या आधीच चाखून पाहिलेले असते. काही उरले तर हवे असणाऱ्यांत ‘दगड-कागद-कात्री’ खेळून वाटणी होते. आठवडा संपला की पाळीचा डगला धुण्यासाठी घरी जातो आणि सोमवारी इस्त्री होऊन परत येतो.

महिन्याचे खाद्यपत्रक पालकांकडे आधीच पोचते. त्यात प्रत्येक पदार्थातील घटक तीन रंगांत विभागलेले असतात: शरीर घडवणारे लाल, ऊर्जा देणारे पिवळे, प्रकृती ठीक राखणारे हिरवे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या जेवणातून सुमारे ६५० किलोकॅलरी मिळाव्यात आणि दिवसभराच्या गरजेपैकी निम्मे कॅल्शियम मिळावे, असे मानक आहे. भाताच्या जेवणाबरोबरही दुधाची बाटली किंवा खोका येतो तो यामुळेच. फिनलंडमध्ये नमुन्याचे ताट मुलाला दाखवतात आणि पुढचे त्याच्यावर सोपवतात, तर इथे हिशेब स्वयंपाकघरातच पूर्ण होतो आणि मुलाने तो संपवावा अशी अपेक्षा असते. पूर्वी ही अपेक्षा पार सक्तीला जाऊन पोचे आणि नावडती भाजी संपेपर्यंत मुलाला बसवून ठेवले जाई. आता तसे करणे गैर मानतात, पण निवडीला वाव अजूनही कमीच आहे. फिनलंडच्या अनेक शाळांत शाकाहारी पदार्थ रोज मिळतो. जपानमध्ये शाकाहारी किंवा धर्मामुळे काही पदार्थ वर्ज्य असलेल्या मुलाला बहुधा घरूनच डबा आणावा लागतो. आपल्याकडच्या चाहत्यांच्या ही बाब क्वचितच लक्षात येते.

आता पैशांचे. जपानच्या संविधानाचे २६ वे कलम सक्तीचे शिक्षण मोफत असेल असे सांगते, पण १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या ‘मोफत’चा अर्थ शिकवणीचे शुल्क न घेणे एवढाच लावला. पाठ्यपुस्तके वेगळ्या कायद्याने मोफत झाली. जेवण झाले नाही. १९५४ च्या कायद्यानुसार इमारत, उपकरणे आणि आचाऱ्यांचे पगार शाळा चालवणाऱ्या संस्थेने सोसायचे आणि अन्नसामग्रीचा खर्च पालकांनी द्यायचा. शिक्षकही आपल्या ताटाचे पैसे भरतात. २०२३ च्या सरकारी पाहणीत ही रक्कम प्राथमिक शाळेत महिन्याला सरासरी ४,७०० येनच्या आसपास होती. एके काळी मुले ती पाकिटात घालून वर्गात आणून देत, आता बहुतेक ठिकाणी ती बँकेतून वळती होते. गरीब कुटुंबांना वेगळे साहाय्य मिळते, म्हणजे कोण गरीब हे इथे अजून ठरवावे लागते.

ही रेषा आता पुसट होऊ लागली आहे. त्याच २०२३ साली सुमारे तीस टक्के जपानी नगरपालिका आपल्या खर्चाने प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांतील सर्व मुलांना जेवण मोफत देत होत्या, आणि २०२५ मध्ये सत्ताधारी आघाडी व एका विरोधी पक्षात प्राथमिक शाळांतील जेवण २०२६ पासून देशभर मोफत करण्यावर सहमती झाली. उलट बाजूने, फिनलंडच्या अभ्यासक्रमातही जेवणाच्या वेळेला शैक्षणिक महत्त्व दिलेले आहे. तरी मूळचा फरक वय वाढल्यावर उघडा पडतो. जपानमध्ये क्यूशोकु साधारण पंधराव्या वर्षी, सक्तीच्या शिक्षणाबरोबर संपते आणि त्यापुढची मुले बहुधा डबा आणतात किंवा विकत घेऊन खातात. फिनलंडमध्ये उच्च माध्यमिक आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या तरुणांनाही मोफत जेवण मिळते.

२०२० मध्ये महामारीने शाळा बंद केल्या तेव्हा हा फरक आणखी स्पष्ट झाला. फिनलंडच्या अनेक नगरपालिकांनी घरी बसून शिकणाऱ्या मुलांसाठी जेवण बांधून नेण्याची सोय केली. जपानमध्ये वर्ग थांबले तसे जेवणही थांबले, आणि शाळांसाठी ठरलेल्या दुधाचे करायचे काय, हा प्रश्न दूध-उत्पादकांपुढे उभा राहिला. शाळा उघडल्यावर मुले पुन्हा वर्गात जेवू लागली, पण गट न करता, सगळी बाके फळ्याकडे तोंड करून आणि एकमेकांशी अवाक्षर न बोलता.