वकिलाने फसवलं तर बार कौन्सिलकडे तक्रार कशी करायची?

केस हरली म्हणून वकिलाविरुद्ध तक्रार टिकत नाही, हे आधीच सांगतो. युक्तिवाद फसला, साक्षीदार उलटला, एवढ्याने कुणाची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जात नाही. मात्र अशिलाचे पैसे परस्पर ठेवून घेणं, त्याच्या नावाची खोटी सही ठोकून तडजोड दाखल करणं, दावा दाखलच न करता ‘तारीख पडली’ सांगत राहणं, वादातली मालमत्ता स्वतःच विकत घेणं, हे ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ च्या कलम ३५ खाली गैरवर्तन ठरू शकतं.

बार कौन्सिल म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणारी संस्था. वकिलाची सनद ज्या राज्याच्या बार कौन्सिलची, तिथेच तक्रार द्यायची. वकीलपत्रावर सनद क्रमांक असतो. तो ‘महा’ने सुरू होत असेल तर बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, कार्यालय मुंबईत फोर्टला. वकील सोलापुरात बसतो, पण सनद कर्नाटकची असेल, तर अर्ज कर्नाटकात.

तक्रार कुणाची? शक्यतो अशिलाचीच. समोरच्या पक्षाच्या वकिलावर राग काढायला हा मार्ग नाही. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी एक तक्रार रद्द केली आणि ती दाखल करून घेतल्याबद्दल महाराष्ट्र-गोव्याच्याच बार कौन्सिलला ५० हजारांचा खर्च बसवला.

आता कागद. खरं काम इथेच आहे. फी रोखीत दिली, पावती नाही, ही नेहमीची रड. म्हणून तक्रारीआधी वकिलाकडे रजिस्टर पोस्टाने हिशेब आणि फाइल मागा. मागितल्यावर अशिलाच्या पैशांच्या हिशेबाची प्रत देणं बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि फी थकली म्हणून फाइल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच सांगितलंय. उत्तर आलं तरी पुरावा, नाही आलं तर पोचपावती पुरावा. सोबत वकीलपत्राची प्रत, बँकेचं स्टेटमेंट किंवा यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲप संदेशांच्या छापील प्रती आणि कोर्टातून घेतलेल्या रोजनाम्याच्या (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदीच्या) प्रमाणित नकला जोडा. दावा दाखल झाला की नाही, हे ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर नाव किंवा सीएनआर क्रमांक (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र क्रमांक) टाकून पाहता येतं.

तक्रार मराठीत चालते. परिच्छेदांना क्रमांक द्या, तारखांच्या क्रमाने लिहा, विशेषणं गाळा. शेवटी सत्यापन हवंच: ‘वरील परिच्छेद १ ते ८ मधील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’, खाली ठिकाण, तारीख, सही. फी आणि किती प्रती लागतात, हे कार्यालयात विचारून घ्या.

कौन्सिल वकिलाचं म्हणणं मागवू शकते. तथ्य वाटलं तर प्रकरण तिघांच्या शिस्तपालन समितीकडे जातं. समितीला साक्षीदार बोलावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. तुमचीही उलटतपासणी होईल. मध्येच वकिलाने पैसे देऊन मिटवलं, तरी तेवढ्यावर चौकशी बंद होत नाही. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला, बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे वर्ग होतं. तसं झालं तर तारखांना तिकडे जायची तयारी ठेवा.

शिक्षा तीन: समज, ठरावीक काळ सनद निलंबित, किंवा सनदच रद्द. पैसे परत मिळवून देणं या यादीत नाही; त्यासाठी दिवाणी दावा, आणि अपहार किंवा खोट्या सह्या असतील तर पोलिसांत फिर्याद, हे वेगळं करावं लागतं. ग्राहक आयोगाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने बंद झालाय.

राज्य कौन्सिलच्या निकालावर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे आणि तिथून पुढे ६० दिवसांत सर्वोच्च न्यायालयात अपील करता येतं. वकिलालाही हा हक्क आहे, पण तो अंगाशी येऊ शकतो. एका निरक्षर अशिलाचे भूसंपादन भरपाईचे ८,११८ रुपये दाबून बसलेला वकील तीन वर्षांच्या निलंबनाविरुद्ध अपिलात गेला; २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचं नावच वकिलांच्या यादीतून काढून टाकलं.